परत फिरला की पुढे गेला

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून जो माणूस वर्षानुवर्षं लोकांच्या कवळ्या बनवत आलाय, त्याला गल्लीत सगळे कवळीकाका म्हणतात. काकांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांचा वैताग दुसऱ्याच गोष्टीवर असतो. लोक दात काढून झाले की लग्नातला फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, अगदी असेच करून द्या. काका फोटो बघतात, प्लास्टरचा साचा बघतात आणि सांगतात, असे होणार नाहीत. चांगले होतील, पण ते दुसरे असतील. मग काहीजण रुसतात. काका मुळात तिरकस, त्यामुळे रुसलेल्याची समजूत काढायच्या फंदात ते पडत नाहीत.

तर एके दिवशी डॉक्टरीणबाई माप द्यायला आत आल्या आणि म्हणाल्या, काका, तो यानाचा जुना पिक्चर आठवतो का, त्याचा दुसरा भाग आलाय. इतक्या वर्षांनी, आणि नट तोच, म्हातारा झालेला. लोकांमध्ये म्हणे दोन तट पडले होते. काहींच्या मते पहिल्याची सर याला नव्हती, काहींच्या मते हाच सरस होता. काका मेणातली दाढ कोरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, कशाला काढला. बाई हसून निघून गेल्या. दाढ मात्र बिघडली, आणि काकांना मेण वितळवून नव्याने बसावं लागलं.

काकांच्या हातून दाढ बिघडणं ही साधी गोष्ट नव्हे. तिच्यामागे आख्खा संसार होता.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. काका आणि काकू यांच्यात तोवर बोलणं म्हणजे पाणी देऊ का, दार लावलं का, एवढंच. दोघंही लाजरी, त्यात एकमेकांना अनोळखी. कोणीतरी तिकिटं दिली म्हणून ती तो पिक्चर बघायला गेली आणि पहिल्याच रांगेत मान वर करून बसली. पिक्चरमध्ये एक यान होतं, लांबच्या कुठल्याशा ग्रहावरून हाक आली म्हणून निघालेलं. बरोबरचे सगळे एकेक करून संपलेले, उरलेला एकटा चालक. इंधन एवढंच की एक तर पुढे जाऊन त्या हाकेचा छडा लावायचा, नाहीतर मागे फिरून घर गाठायचं. शेवटच्या दृश्यात समोर दोन दांडे असतात, एक पुढे जायचा, एक परत फिरायचा; चालक हात पुढे करतो आणि पडदा काळा होतो. संपला पिक्चर. लोक दिग्दर्शकाच्या नावाने शिव्या घालत उठले.

काकू चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, बरं झालं बाई, परत फिरला. काका म्हणाले, परत कुठला, पुढे गेला तो. झालं. तिथे जी जुंपली ती घराच्या दारापर्यंत. दोन बस समोरून निघून गेल्या तरी दोघांना पत्ता नाही. घरी पोचल्यावर काकांच्या लक्षात आलं, की आपण या बाईशी आज पहिल्यांदाच बोललो.

पुढे संसार म्हटल्यावर अबोले आलेच. दोघंही हट्टी, माघार कोणी घ्यायची? त्यातून एक सोय निघाली. कोणी ठरवली नाही, आपसूक पडली. ज्याला आधी राहवेनासं होईल त्याने माफी मागायची नाही की रुसव्याचं कारण उकरायचं नाही. काकू भांडी लावता लावता भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायच्या, "परत फिरला तो." काका पेपराआडून म्हणायचे, "पुढे गेला." की अबोला संपला. मुलगी हे ऐकतच मोठी झाली. शाळेत मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे काल यान सुटलं, आता सगळं ठीक आहे.

काकू फोटो स्टुडिओत कामाला होत्या. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग बारीक ब्रशने पुसणं हे त्यांचं काम, त्यामुळे नजर तयार. वादात त्यांच्याकडे पुरावे असत. काकांकडे आवाज असे.

गेल्याच्या गेल्या वर्षी काकू गेल्या. काही दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सगळं आटोपलं. त्यानंतर काका संध्याकाळी कुलूप काढून आत येतात, पिशवी टेकवतात आणि स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणतात, "पुढे गेला." शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये इतपत हळू. मग जरा थांबतात. उत्तर येणार नाही हे त्यांना कळतं, त्यांना काही वेड लागलेलं नाही. पण वाद मिटलेला नव्हता. आणि वाद मिटलेला नाही तोवर तो दोघांचा होता.

आता दुसरा भाग आला म्हणजे उत्तर आलं. काकू हरल्या तर बोलायची सोय संपली, काका हरले तरी संपली. उद्यापासून कुलूप काढून आत यायचं आणि मुकाट्याने दिवा लावायचा. त्यांनी ठरवून टाकलं, बघायचाच नाही.

पण मुलगी होती ना. ती लांबच्या शहरात नोकरीला, दर रविवारी फोन करायची. तिला दुसऱ्या भागाची बातमी काकांच्या आधी लागली होती. तिची टूम अशी, की दोघांनी एकाच रविवारी एकाच वेळी बघायचा, तिने तिकडे आणि बाबाने इकडे, मग फोनवर बोलायचं. काकांनी आधी गुडघा पुढे केला. तो चालेना म्हणून कामाचा ढीग पुढे केला. मुलगी आईवर गेलेली. तिने परस्पर तिकीट काढून काकांच्या फोनवर पाठवलं आणि वर बजावलं, की ते वाया घालवलंस तर मी बोलणार नाही. ही धमकी काकांना परवडणारी नव्हती.

थिएटर आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. खुर्ची इतकी मागे कलत होती, की काकांना आपण डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसलोय असं वाटलं. शेजारची जागा रिकामी होती. पलीकडच्या तरुणाने तीवर आपलं जाकीट टाकलं होतं. काकांना ते आवडलं नाही, पण काय म्हणून हटकायचं?

पिक्चर सुरू झाला आणि दहा-पंधरा मिनिटांतच निकाल लागला. काकांनी तयारी केली होती शेवटपर्यंत धीर धरायची. पण पडद्यावर एक तरणीताठी अधिकारी बाई चालता चालता, दुसरंच काहीतरी बोलता बोलता, सहकाऱ्याला सांगते, की तो परत फिरलाच नाही, तो पुढे गेला. बस्स, एवढंच. पलीकडचा तरुण तोंडात काहीतरी कुरुमकुरुम चावत होता, त्याचं चावणंसुद्धा थांबलं नाही. ज्या वाक्यावर काकांनी आख्खा संसार काढला, ते या बाईने जाता जाता फेकून दिलं.

काका जिंकले होते. त्यांचं कोपर नकळत शेजारी गेलं, काकूंना ढोसायला. ते जाकिटात रुतलं. काकांनी हात मांडीवर घेतला आणि तिथेच ठेवला.

मग त्यांनी उरलेला पिक्चर पाहिला. खोटं कशाला बोला, पिक्चर चांगला होता. चालक त्या ग्रहावर एकटाच म्हातारा झालेला दाखवला होता. दात नवे बसवलेले, वयाच्या मानाने जरा जास्तच पांढरे, पण काम सफाईदार. तो रोज बंद पडलेल्या रेडिओसमोर बसून दिवसभरात काय केलं ते सांगत असे. तिथे थिएटरातले लोक हसले. काकांना हसू आलं नाही. त्यांना लाज वाटली, कोणीतरी आपल्या घरात डोकावून गेल्यासारखी. शेवटी त्याला न्यायला यान येतं तेव्हा काकांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती कोणासाठी हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर कुलूप काढलं, पिशवी टेकवली. तोंडाशी आलेलं वाक्य तोंडातच राहिलं. आता ते वाक्य म्हणजे नुसती एक माहिती होती, कोणालाही ठाऊक असलेली. काका उभ्याउभ्याच पाणी प्यायले. भांडं विसळून जागेवर ठेवलं, आणि घर इतकं गप्प होतं, की त्यांनी ते उचलून उगाचच पुन्हा विसळलं. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, जिंकलास," मुलगी म्हणाली.

काकांनी विसळलेलं भांडं पालथं घातलं.

"ऐकतोयस ना? पुढे गेला तो. लागला एकदाचा निकाल."

"कसला निकाल?" काका म्हणाले. "मी हा पिक्चर मानत नाही."

मुलीला हसू आलं. तिने विचारलं, इतका टाकाऊ वाटला का. काका म्हणाले, टाकाऊ नाही, मन लावून केलाय, मला रडूसुद्धा आलं. पण हा माणूस तो नव्हे. नट तोच आणला म्हणून माणूस तोच होत नाही. मुलगी म्हणाली, पण ज्यांनी पहिला काढला त्यांनीच तर हा काढलाय, त्यांना ठाऊक नसेल तर कोणाला असणार. काकांचा आवाज चढला. म्हणाले, काढणाऱ्यांना काय विचारायचंय, बघणाऱ्यांना विचार.

"पहिल्यातला परत फिरला होता," ते म्हणाले.

"बाबा, हे तू म्हणतोयस?"

"मग कोण म्हणणार आता?"

मुलीने घसा खाकरला आणि काकांच्याच तिरकस सुरात म्हणाली, "काहीतरीच. पुढे गेला तो. पुरावा काय?"

काका खुर्ची ओढून बसले. कित्येक दिवसांत ते असे बसले नव्हते. "पहिली गोष्ट," ते म्हणाले, "शेवटच्या दृश्याआधी तो दाढी करतो. बघ तू. इतके दिवस वाढवलेली, आणि तेव्हाच करतो. जिथे ओळखीचं कोणी नाही तिथे चाललेला माणूस दाढी कशाला करेल? घरी जायचं असलं की माणूस दाढी करतो."

"सवय असते," मुलगी म्हणाली. "मरणाच्या दारातसुद्धा माणूस दाढी करतो."

हे काकांचंच वाक्य होतं, शब्दन् शब्द. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना चीड आली. त्यांनी दुसरी गोष्ट काढली. पिक्चरभर चालकाच्या नाकाची सावली डाव्या गालावर पडते, आणि हात पुढे केल्यावर, पडदा काळा व्हायच्या आत, ती उजव्या गालावर सरकते. म्हणजे यान वळलं. उजेड कुठून येतो हे ज्याला कळतं त्याला हे दिसल्याशिवाय राहणार नाही.

"सेटवरचा दिवा हलला असेल," मुलगी म्हणाली.

हेही काकांचंच. किती हलकं उत्तर होतं ते, नुसतं समोरच्याला गप्प करायचं म्हणून दिलेलं. आणि समोरची बाई दिवसभर लोकांच्या चेहऱ्यावरचा उजेड बघून यायची. काकांना वाटलं, आत्ता ती इथे असती तर आपण निदान एवढं तरी म्हटलं असतं, की हो, सावली सरकते, मलाही दिसली होती. त्यांना ती खरोखरच दिसली होती, पिक्चर टीव्हीवर लागला तेव्हा. ते मुद्दामच बोलले नव्हते. कबूल केलं असतं तर वादच संपला असता, आणि मग पुढच्या अबोल्यात काय म्हणायचं?

"आणि तिसरी?" मुलीने विचारलं.

"तिसरी कसली?"

"आई तीन म्हणायची. बोटं मोजत. दाढी, सावली, आणि?"

काकांनी आठवायला घेतलं. काकूंचा हात डोळ्यांसमोर आला, ओला, भांड्यांतून काढलेला. एक बोट मिटलं, दुसरं मिटलं. आणि दर वेळी इथेच काका मोठ्याने हसत, पेपर वर करत आणि म्हणत, पुरे झालं तुझं, चहा टाक. काकूही हसत, हात पदराला पुसत आणि म्हणत, जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं. एकदाही याहून वेगळं झालं नव्हतं.

"तुला सांगितली असेल तिने," काका म्हणाले.

"मी विचारलं होतं एकदा."

"मग?"

"म्हणाली, ती तुझ्या बाबांना सांगायची आहे."

काकांनी विचारलं, पहिला पिक्चर आता कुठे बघायला मिळतो. मुलगी म्हणाली, फोनवरच मिळतो, पाठवते. तिने लगेच पाठवला.

काकांनी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि पिक्चर लावला. यान निघालं, माणसं एकेक करून संपली, चालकाने दाढी केली. त्याने हात पुढे केला, सावली सरकली, पडदा काळा झाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काका मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. तिसरी गोष्ट त्यांना सापडली नाही.