दहावी व्हायल

“दोन नाही, अर्धा एमएल येतोय,” नवी नर्स बोटं मिटत म्हणाली.

“पुन्हा मोजा.”

“दोनदा मोजलं, ताई.”

पाढेबाईंनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मुलांच्या वॉर्डात एकवीस वर्षं त्या औषधांची मापं तोंडी काढत आल्या होत्या, म्हणूनच हे नाव पडलेलं. वडलांनी पाठ करून घेतलेली अडीचकी त्यांनी झोपेतही म्हटली असती. किलोमागे अडीच मिलिग्रॅम, बाळ आठ किलोचं. आठ अडीच वीस. एका एमएलमध्ये दहा, म्हणजे दोन एमएल, अख्खी व्हायल. यात चुकायला आहे काय?

नियमाप्रमाणे दुसऱ्या नर्सनं स्वतंत्र हिशेब करून मगच शेजारी सही करायची असते. पाढेबाईंच्या बाबतीत मात्र सगळ्या हसत, न बघता सही ठोकायच्या. “तुमचं तपासायचं? आमचंच तुमच्याकडून तपासून घ्यायला हवं!” त्यांनाही ते गोड वाटायचं. ही बाई आजच दुपारी सर्जरीच्या वॉर्डातून बदलून आलेली, पन्नाशीची, बोटांवर मोजणारी. दोन तासांत तिचं ‘सावकाशबाई’ असं बारसंही झालं होतं.

“व्हायलवर एका एमएलला चाळीस लिहिलंय,” सावकाशबाई म्हणाली. “आमच्याकडे मोठ्या माणसांना हीच यायची.”

पाढेबाईंनी ती बोटाएवढी काचेची बाटली खिडकीपाशी नेली. तेच झाकण, तोच आकार. चाळीस.

त्यांनी लगेच खोकं उघडलं. दहा व्हायलींचं खोकं, वर उघडल्याची आजचीच तारीख. आत आठ. एक हातात.

वॉर्डात हे औषध एकाच बाळाला चालू होतं. सकाळी आठला पहिला डोस त्यांनीच दिला होता. अख्खी व्हायल.

“आज काचेचा कचरा कधी नेणारेत?”

“साडेचारला म्हणाले. का हो?”

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. पाढेबाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, बाळाच्या खाटेकडे वळल्या, मध्येच थांबल्या. बाळ झोपलं होतं. अठरा मिनिटं नुसतं गप्प बसायचं, की डबा आपला आपण जाईल. आठ व्हायलींवरून कोण काय सिद्ध करणार?

त्यांनी ग्लोव्हज चढवले आणि डब्याचं झाकण काढलं.

“अहो, हात कापेल! हा चिमटा घ्या.”

सहावी काच उचलली तेव्हा ती सापडली. चाळीस.

डॉक्टरांना फोन लावताना त्यांनी दोनदा चुकीचा नंबर फिरवला.

“वीसच्या जागी ऐंशी?” डॉक्टरांचा आवाज चढला. “सिस्टर, तुमच्याकडून? आताचा डोस थांबवा. मी येतो, रक्त तपासू. किडनीवर ताण येऊ शकतो, लघवी मोजत राहा. पण झालं कसं?”

“व्हायल वाचली नाही. सवयीनं भरली.”

“आईला मी सांगू?”

“नको. मीच सांगते.”

आईनं बाळाला खांद्यावर घेतलं होतं. पाढेबाई खाटेपाशी उभ्या राहिल्या. “सकाळचं औषध चौपट गेलं. माझ्या हातून.”

“चौपट म्हणजे? काय होईल त्याला?”

“बहुतेक काही नाही. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. म्हणून लक्ष ठेवतोय.”

आईनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पलीकडच्या. “आता त्याला तुम्ही हात लावू नका.”

“बरं.”

डॉक्टर रक्त घेऊन, सलाईन वाढवून गेले. पाढेबाईंनी घडलेलं सगळं वेळेसकट कागदावर लिहून दिलं आणि पडदा ओढून बाहेर उभ्या राहिल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सहा वाजता आतून डायपर सोडल्याचा चर्र आवाज आला. सावकाशबाईनं तो बाहेर आणून काट्यावर ठेवला. शहाण्णव ग्रॅम. कोरा अठ्ठावीसचा.

“किती झाली?” आतून आईनं विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

सावकाशबाईनं पाढेबाईंकडे पाहिलं.

“अडुसष्ट,” पाढेबाई पडद्याला म्हणाल्या. “चांगली होतेय.”

“पुढची कधी मोजायची?” आईनं पडद्याआडून विचारलं.

“आठला.”

त्यांची ड्यूटी सातला संपत होती. त्यांनी स्टूल ओढून पडद्याच्या आणखी जवळ घेतलं.