टेबलाचा मोडका पाय

आवक-जावकच्या कारकुनाचा बावीस वर्षं नुसता जळफळाट चालला होता. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची भाषणं खरडायचा तो, आणि टाळ्या खायचे अध्यक्ष, म्हणजे सगळ्यांचे लाडके दादा! "साहेब बदलले, पंखे बदलले, आपल्या टेबलाचा मोडका पाय तेवढा सेवेत कायम!" हे वाक्य त्याने रद्दी पाकिटाच्या पाठीवर लिहिलं होतं. दादांनी ते फाटकासमोरच्या सभेत ठोकलं आणि रातोरात पुढारी झाले.

"डोकं माझं आणि हार त्याच्या गळ्यात," तो घरी चडफडायचा.

"मग तुम्हीच उभे राहा की एकदाचे!" बायको वैतागून म्हणायची.

दादा निवृत्त झाले आणि कारकून अध्यक्ष झाला. पहिल्याच सभेत स्टुलावर चढून त्याने तेच वाक्य घसा ताणून फेकलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बावीस वर्षांचं पोटातलं दुखणं क्षणात थांबलं.

तो खाली उतरला, तशी म्हाताऱ्या शिपायाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"झकास, साहेब! दादांची नक्कल करावी तर तुम्हीच!"