साडेआठ तास

भिवंडीत कामतघरच्या पॉवरलूमच्या शेडांत मी एकतीस वर्षं वायरमनचं काम केलं. कोणती मोटर किती अँपिअर खाते, कोणती पिन कुठल्या सॉकेटला चालेल, हे मला नुसतं बघून कळतं. त्यामुळे ‘मला कळलं नव्हतं’ असं म्हणायची सोय मला नाही. कळलं होतं, आणि पहिल्याच दिवशी कळलं होतं.

माझी एकुलती एक मुलगी उन्नती, खोपोलीला दिलेली. शाळेत शिकवते. जावई धनेश कारखान्यात शिफ्टला जातो. लग्नानंतर ती आमच्या गावी, भिवंडीजवळ कोनला यायची ती अशी, की अकराला दारात आणि चारला पुन्हा दारात, चप्पल शोधत. ती गेली की तिची आई कमळा तिच्या उष्ट्या ताटापाशीच बसून राहायची. मला राग यायचा. कुणावर ते समजत नसे, म्हणून टीव्हीचा आवाज फार आहे असं म्हणून ओरडायचो.

तीन वर्षांपूर्वी त्या दोघांनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं. नवी परवडेना, म्हणून टॅक्सीत चाललेली एक जुनी बघितली. “आमचा बाबा वायरमन आहे, तो हो म्हणाला तरच घेणार,” असं उन्नतीने विकणाऱ्याला ठणकावून सांगितलं. माझी छाती केवढी फुगली! मी बॅटरी बघितली, वायरिंग बघितलं आणि शेवटी चार्जिंगची झाकणं उघडली. दोन होती. एक घरच्या पॉइंटवरून सावकाश चार्ज करायचं. दुसरं फास्ट चार्जिंगचं, पण जुन्या पद्धतीचं, गोल, नऊ पिनांचं. रस्त्यावर आता जी स्टेशनं उभी राहत होती त्यांची गन, म्हणजे केबलचं गाडीत बसणारं टोक, वेगळी, वर सात भोकं आणि खाली दोन मोठी. ती या गाडीत जन्मात बसणार नव्हती. जुन्या गोल गनची स्टेशनं तर एकेक करून बंद पडत चालली होती.

मी झाकण लावलं आणि मनात आकडे मांडले. खोपोली ते कोन पंचाहत्तर किलोमीटर. येईपर्यंत या बॅटरीत पंचवीस टक्के उरतील. घरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर ती पुन्हा भरायला साडेआठ तास. अकराला आली तर साडेसात वाजणार, आणि अंधारात उन्नती एकटी गाडी चालवत नाही. म्हणजे मुक्काम.

“घ्या,” मी म्हणालो. “गाडी चांगली आहे. फक्त फास्ट चार्जिंग कधी लावायचं नाही. जुन्या बॅटरीला मानवत नाही.”

उन्नतीने मान डोलावली. विजेच्या बाबतीत माझं बोलणं ती कधी तपासून बघत नसे.

मग महिन्याचा दुसरा शनिवार आमचा झाला. अंगणातल्या भिंतीला मी नवा पॉइंट काढला, अर्थिंग स्वतः केलं, आणि चार्जिंगची एक जास्तीची केबल खुंटीवर कायमची टांगून ठेवली. उन्नती आली की आधी केबल लावायची, मग आईच्या गळ्यात पडायची. दोघी संध्याकाळभर ओट्यावर बसून बोलत. काय बोलत कोण जाणे, मी गेलो की गप्प होत आणि हसायला लागत. सकाळी गाडी शंभर टक्के, उन्नती निघायची, आणि खोपोलीला पोचली की माझ्या फोनवर एकच शब्द टाकायची, ‘पोचले’. तो वाचल्याशिवाय आम्ही दोघं जेवत नसू.

एकदा कमळाने मला विचारलं, “अवं, आपले गावची लाइट हळू येते काय? अवरा टाइम लागतंय गारीला?”

“येते हळू.”

“मंग बरं हाय. तशीच येऊ दे.”

मी तेव्हा फार खूश झालो होतो. स्वतःला मोठा शहाणा समजलो होतो.

या मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, भाजी निवडता निवडता कमळाच्या छातीत कळ आली. रिक्षात घालून तिला भिवंडीच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, जवळचं कुणी असेल तर बोलावून घ्या. मी उन्नतीला फोन लावला. ती शाळेतूनच तशीच निघाली.

“बॅटरी किती आहे?” मी विचारलं.

“पासष्ट. शिळफाट्याला फास्ट चार्जिंग दाखवतंय. बॅटरी खराब झाली तर होऊ दे बाबा, दहा मिनिटं लावते आणि येते.”

तेव्हा सांगायला हवं होतं. ती गन तुझ्या गाडीला बसणार नाही, गाडी आत्ताच सोड, दुसरी गाडी कर, एवढंच. पण मग तिने विचारलं असतं, तुला कसं माहीत? मला लाज वाटली. बायको आत मरणाच्या दारात आणि मला लाज वाटली. एखाद्या स्टेशनवर जुनी गोल गन असतेही, तिथेही असेल, असं मी स्वतःला समजावलं. एकतीस वर्षं टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात न लावणारा माणूस मी, आणि त्या दिवशी नशिबावर सोडलं.

“सांभाळून ये गो बाय,” मी म्हणालो.

कमळा शुद्धीत होती. “उन्नती कवा येल?”

“निघाली. रस्त्यात हाय.”

“गारी चार्ज हाय ना तिची?”

“हाय,” मी म्हणालो.

चार वाजता उन्नतीचा फोन आला. रडत होती. “बाबा, गन बसतच नाही. तिन्ही लावून बघितल्या. इथला माणूस म्हणतो, ही गाडी जुन्या पिनेची आहे. अर्धा तास गेला माझा. दुसरं स्टेशन बघू?”

“गाडी सोड!” मी इतका ओरडलो की नर्स धावत आली. “रिक्षा पकड, काहीही पकड, पण ये!”

मुंब्रा बायपासला ट्रक अडकले होते. कमळाने आणखी दोनदा दाराकडे बघितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी ती गेली. साडेपाचला उन्नती आली. आईचे पाय तिने दोन्ही हातांत धरले.

“अजून गरम आहेत,” ती म्हणाली. “बाबा, अजून गरम आहेत पाय.”

तेराव्यानंतर ती जायला निघाली. धनेशला ड्युटी होती, तो आधीच गेला होता. शिळफाट्याहून ओढून आणलेली गाडी अंगणात सकाळपासून चार्जिंगला लावलेली. उन्नती ओट्यावर, आईच्या जागेवर बसली.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. “तू सांगितलं होतंस फास्टला लावू नको. मी ऐकलं नाही. सरळ रिक्षा केली असती तर आये भेटली असती मला.”

मी गप्प राहिलो असतो तर ती जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली असती, आणि दर दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे येत राहिली असती. आता मला तिच्याशिवाय कोण आहे? तरी मी बोललो. गोल पिन, नवी गन, बॅटरीला मानवत नाही ही थाप, साडेआठ तास, सगळं. त्या दिवशी फोनवर माहीत असून बोललो नाही, तेही सांगितलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“आयेला माहीत होतं?”

“नाही. ती समजायची, गावची लाइटच हळू येते.”

उन्नती उठली. गाडीची केबल काढली.

“अजून दोन तास लागतील, बाय,” मी म्हणालो. “ऐंशीच झालीय.”

“पुरेल.”

तिने केबल गुंडाळली. मला वाटलं, खुंटीवर टांगेल. तिने ती डिकीत टाकली, झाकण लावलं आणि वाकून माझ्या पाया पडली. माझा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचायच्या आत ती गाडीत बसली होती.

मी ओट्यावर बसून राहिलो. शेजारच्या ठकुबाईने ताट आणून दिलं, ते झाकून ठेवलं. संध्याकाळी फोन वाजला. धनेशचा मेसेज होता.

‘उन्नती पोचली.’