पावणेचारशे किलोंची गाडी

वाहन परवान्याच्या कचेरीत ती परीक्षक होती आणि तिचं तिथलं नाव होतं ‘कात्री’. परीक्षेत दुचाकीवर आठचा आकडा काढताना पाय टेकला की कापलं. भल्याभल्या पैलवानांना तिने दुचाकीवरून उतरवून घरी पाठवलं होतं. म्हणून बाबांनी आता गाडी चालवणं सोडावं असा विषय निघाला, आणि मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची असा प्रश्न पडला, तेव्हा आई आणि धाकटा भाऊ दोघांनीही तिच्याकडेच पाहिलं.

“तुझा तर रोजचाच धंदा आहे,” भाऊ म्हणाला. “एक जास्त.”

बाबा एकाहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीत, तेलकट दोरखंडांच्या सोबतीने. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी अमेरिकन मोटरसायकल घेतली. पुढे हात पसरल्याएवढी काच, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या पेट्या, मागे आरामखुर्चीसारखी सीट. वजन पावणेचारशे किलो. “जन्मभर वरखाली केलं,” ते म्हणाले होते, “आता सरळ जायचंय.” आणि आईला मागे बसवून ते खरंच सरळ गेले. अकरा वर्षं, दरवर्षी दोन-दोन हजार किलोमीटर. पण अलीकडे आईला त्यांचं काहीतरी खटकत होतं. गाडीचा विषय काढला की माणूस पेपरात तोंड घालायचा.

ती तीन आठवडे आरशासमोर बोलणं पाठ करत होती. ‘बाबा, वयानुसार प्रतिसादाचा वेग...’ छे. ‘बाबा, आम्हाला तुमची काळजी...’ त्याहून छे. शेवटी एका रविवारी सकाळी ती हेल्मेट घेऊनच हजर झाली. “मला एक चक्कर मारून आणा. तळ्यापर्यंत.”

बाबांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग किल्ली घेतली.

मोठ्या रस्त्यावर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. सवयीने ती मनातल्या मनात चुका मोजत होती, आणि बोट एकही दुमडेना. वळणाआधी वेग कमी, वळणात नजर लांब, ट्रकपासून अंतर चोख. तिच्या कचेरीत परीक्षेला येणाऱ्या निम्म्या पोरांना शिकवावं असं चालवत होते. आता यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

तळ्याकाठी गाड्या लावायला खडी टाकलेली उतरती जागा होती. बाबांनी वेग कमी केला, वळायला हँडल फिरवलं, डावा पाय खाली टेकवला. गुडघा लटपटला. म्हातारी म्हैस खाली बसते तशी गाडी सावकाश डावीकडे कलली, आणि ती दोघं खडीवर घरंगळली.

“बाबा! पाय अडकलाय?”

“नाही. गाडी लोखंडी गार्डवर तोललीय. पाय आहे, माझाच आहे.”

तिचा जीव भांड्यात पडला. हात झटकत तिने इंजिन बंद केलं. बाबा मात्र उठले नाहीत. हेल्मेट काढून खडीवरच बसून राहिले.

“तिसरी वेळ,” ते म्हणाले.

“काय?”

“पहिल्यांदा पेट्रोल पंपावर. मग आपल्याच फाटकापाशी. शेजारचा सुतार उचलू लागला. त्याला शपथ घातली, कुणाला बोलशील तर बघ. चालताना गाडीला काही होत नाही गं, थांबतानाच होतं. हा गुडघा भार घेत नाही.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगून काय करू? सगळे म्हणतात, या वयात एवढी गाडी, कमाल आहे बुवा! ती कमाल उतरवायची कशी?” त्यांनी एक खडा उचलून परत ठेवला. “पण तुझी आई मागे बसते, चिमे. तिला पाडलं तर? तीन महिने झोप नाही मला. तू रोज इतक्यांना नापास करतेस. आज हेल्मेट घेऊन आलीस तेव्हा वाटलं, चला, आली एकदाची. आणि तू वाटभर गप्प!”

तिला हसू फुटलं. मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. “बाबा, मी तीन आठवडे भाषण पाठ करतेय.”

“भाषण राहू दे. एका शब्दात सांग.”

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “नापास.”

“हुश्श!” बाबांनी दोन्ही हात मागे टेकले आणि आभाळाकडे तोंड करून मोठा श्वास सोडला. “सुटलो गं बाई.”

तळ्यावर कुणीतरी होडी रंगवत होतं. मग बाबाच उठले, कारण गाडी आडवी पडलेली त्यांना बघवेना.

“गाडीकडे पाठ कर. कंबर सीटला टेकव. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. आता पाठीने नाही, पायांनी. बारीक पावलं टाकत मागे मागे ये. मी पलीकडून धरतो, नाहीतर जोशात तिकडे पाडशील.”

पहिल्या खेपेला गाडी हललीसुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला तिने दात आवळले, मांड्या थरथरल्या, आणि ते अवाढव्य धूड हळूहळू उभं राहिलं. तिने टाचेने स्टँड लावला. डाव्या पेटीवर दोन ओरखडे, बाकी गाडी ठणठणीत.

“आता चालव,” बाबा म्हणाले आणि मागे जाऊन बसले.

मोठ्या दुचाकीचा परवाना तिच्याकडे होता, पण हिला तिने कधी हात लावला नव्हता. पहिला अर्धा किलोमीटर बाबा खांद्यावर टकटक करत होते. “क्लच सावकाश. लांब बघ, चाकाकडे नको.” पुढे टकटक थांबली. ती घाबरली, आरशात पाहिलं. बाबा सीटच्या पाठीला टेकून, हात बाजूच्या आधारांवर टाकून डुलकी काढत होते. तिने वेग आणखी थोडा कमी केला आणि रस्ता लांबचा धरला.

घरी फाटकात आई उभी होती. पुढे लेक, मागे नवरा, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं स्वच्छ हसू, जे तिने तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. दोघांच्या कपड्यांना खडीची धूळ.

“लागलं नाही ना कुणाला?”

“नाही,” बाबा म्हणाले. “मी नापास झालो. आजपासून ही चालवणार. मागची सीट फार झकास आहे गं, तू कधी बोलली नाहीस!”

आईने पदराने डोळे टिपले. मग कंबरेवर हात ठेवून गाडीकडे नीट पाहिलं.

“अहो, ते सगळं ठीक,” ती म्हणाली, “पण मग मी कुठे बसायचं?”