पाठीमागची फुंकर

खण्णकन आवाज झाला. स्वयंपाकघरात ओट्यावरून स्टीलचं झाकण पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. त्याआधी घर इतकं शांत होतं, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकत चालल्यासारखं वाटत होतं. बाबांचा चहा बशीत हिंदकळला. ताई "आई गं!" म्हणून ओरडली. खिडकीतलं कबुतर फडफडत उडून गेलं. आणि ठमी? वर्षाची व्हायला आलेली ठमी माझ्या पायाशी फतकल मारून एक लाकडी चकती चोखत बसली होती. ती चोखतच राहिली. तिची मान वळली नाही. पापणीसुद्धा लवली नाही.

आई दारात आली. "काही नाही, झाकण पडलं," असं ती म्हणाली खरी, पण तिची नजर ठमीच्या मानेवर खिळली होती. मित्रांनो, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझ्या पोटात नुसता कापूस भरलेला आहे. तरी आला.

मी एक जुना स्पीकर आहे. टेबलावर बसणारा चिमुकला नव्हे. जमिनीवर उभा राहणारा, ताईच्या डोक्याहून वीतभर उंच. माझा जुळा भाऊ पलीकडे खिडकीजवळ उभा असतो. आम्ही दोघं मिळून एकच गाणं गातो. एकट्याने गाणं आम्हाला जमत नाही असं नाही, पण त्यात मजा नाही.

आमचा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. आमच्या जाड फळ्या जोडणारा कारागीर मधूनच बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. पेटी घुमली की त्याचं तोंड कडू व्हायचं. "पेटीने मध्ये बोलायचं नाही. बोलायचं काम पडद्यांचं," असं तो म्हणायचा आणि आत आणखी एक आडवी पट्टी ठोकायचा. मग त्याने आमच्या पोटात कापूस भरला आणि पुढे थरथरून आवाज काढणारे गोल पडदे बसवले. सर्वांत वर रेशमाचा इवलासा घुमट. बासरी आणि घुंगरांसाठी. मधला पडदा माणसांच्या आवाजासाठी. खाली दोन मोठे. ढोल, मेघगर्जना असल्या जाड कामांसाठी. आणि पाठीला एक गोल भोक. ते कशाला, असं तुम्ही विचाराल. मोठे पडदे आत-बाहेर हलले, की पेटीतली हवा त्या भोकातून ये-जा करते. ढोल वाजला की भोकातून फुंकर येते. नुसती बासरी वाजली, तर काहीच येत नाही.

दुकानात बाबांनी आम्हाला ऐकलं, तेव्हा ते डोळे मिटून बसले ते बसलेच. शेजारी आई उभी होती. तेव्हा ती कुणाचीच आई नव्हती. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या पेट्या! यांच्यात निदान कपडे तरी ठेवता येतात का रे?" दुकानदार हसला. बाबांना ऐकूच गेलं नाही.

घरी आल्यावर आमचे लाड सुरू झाले. बाबा टेप घेऊन भिंतीपासूनचं अंतर मोजायचे. एक बोट पुढे, अर्धं बोट मागे. मग खुर्चीत जाऊन ऐकायचे आणि पुन्हा उठायचे. "सोफा सरकव म्हटलं की तुझी पाठ धरते," आई म्हणायची, "आणि यांना दिवसभर नाचवतोयस!" बाबांचे मित्र त्यांना कानसेन म्हणत. त्यातले जाड भिंगांचे गोगल्याकाका तर दर सुट्टीला यायचे. दोघं तास न् तास बसायचे आणि एखाद्या तबकडीत वाजवणाऱ्याने श्वास कुठे घेतला, त्यावर भांडायचे. ते दिवस आमच्या कौतुकाचे होते.

पुढे ताई झाली आणि आमची रया गेली. ताईची झोप म्हणजे सशाची. कागद चुरगळला तरी उठायची. घरात सगळे कुजबुजत बोलू लागले. आमच्या डोक्यावर दुपटी वाळायला पडू लागली. ताई चालायला लागली, तशी एक दिवस तिने माझी जाळी ओढून काढली आणि माझ्या रेशमी घुमटात बोट खुपसलं. घुमटाला खळगा पडला. बाबांनी श्वास रोखून चिकटपट्टीने तो अलगद वर ओढला. ताई म्हणाली, "बाबा, त्याला बाऊ झाला?" बाबा म्हणाले, "त्याला नाही, मला झाला." तो खळगा अजून थोडासा दिसतो.

मग ठमी आली. आणि काय सांगू, ठमी झोपायची! भांडी आपटोत, दार वाजो, ताई किंचाळो. बाबांनी एकदा भीत भीत तबकडी लावली. ठमी ढाराढूर. थोडा आवाज वाढवला. ठमीच्या तोंडावर माशी बसली असती तर उठली असती, पण आमच्या आवाजाने नाही. गोगल्याकाका तर खूश झाले. "अरे, कानसेनाची लेक ही! गाणं हिच्या रक्तातच आहे. हिला आता गाण्याशिवाय झोप लागायची नाही, बघ." आईसुद्धा हसली. रात्र रात्र जागून तिचे डोळे खोल गेले होते. "एक तरी गुणी निघाली," ती म्हणाली. आणि आम्ही दोघं भाऊ, इतकी वर्षं दुपटी वाहिल्यावर पुन्हा गायला मिळालं म्हणून फुगून गेलो.

ते झाकण पडेपर्यंत.

त्यानंतर आई वेगळीच वागू लागली. ठमीच्या मागे उभं राहून टाळी वाजवायची. चमचा वाटीवर आपटायची. ठमी कधी वळायची, कधी नाही. वळली की आईचा चेहरा उजळायचा. मग तिच्या लक्षात यायचं, की आपली सावली समोर भिंतीवर पडली होती. ती पुन्हा कोमेजायची. बाबांशी बोलली, तर ते म्हणाले, "उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस गं. बघ, तुला दाखवतो."

त्यांनी ढोलाची तबकडी लावली. बाबा तबकडी लावताना दिसताच ठमी रांगत रांगत थेट माझ्या मागे आली, पाठीच्या भोकावर तळवा ठेवला आणि खदखदून हसली. "बघितलंस?" बाबा म्हणाले. "ठेका सुरू झाला की धावत येते. ऐकू येत नसतं तर आली असती?"

आईने मान हलवली. तिला ते पटवून घ्यायचं होतं. मलाही. पण मित्रांनो, तो तळवा माझ्या पाठीवर होता. एकेका फुंकरीसरशी ती बोटं उघडत होती, मिटत होती. मला जे कळत होतं, ते मी सांगू शकत नव्हतो. स्पीकरचं दुर्दैव हेच. जगाचं सगळं तो बोलतो, स्वतःचं एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर आणि ताई शाळेत गेल्यावर आईने तीच तबकडी लावली. ठमी आली, तळवा ठेवला, हसली. आई माझ्या मागे गुडघे टेकून बसली. बराच वेळ ती फक्त तो हात बघत होती. मग तिने स्वतःचा हात भोकाजवळ धरला. फुंकर लागताच चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला. वाळत घातलेल्या कपड्यांतून तिने बाबांचे दोन मोजे ओढले, त्यांची गुंडाळी केली आणि माझ्या भोकात गच्च बसवली.

ढोल वाजतच होता. खिडकीची काच थरथरत होती. ठमीने भोकावर हात ठेवला. थांबली. हात काढून तळव्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. मोज्यांवर एक चापट मारली. मग आईकडे वळली आणि वाटीतला भात संपल्यावर दाखवायची तसे दोन्ही तळवे उघडून दाखवले. संपलं.

खोलीभर ढोल घुमत होता, आणि ती आईला सांगत होती की संपलं.

आईने तबकडी बंद केली नाही.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं करून दाखवलं. बाबांनी आधी वाद घातला. "मोजे कोंबले की ढोलाचा जाड आवाज कमी होतोच. तो काही पुरावा नाही." मग ते ठमीच्या मागे गेले. "ठमे," त्यांनी हाक मारली. "ए ठमे!" मग ते इतक्या जोरात ओरडले, की ताईने कानांवर हात ठेवले आणि तिला रडू फुटलं. ठमी चकतीशी खेळत होती. बाबा खाली बसले. थोड्या वेळाने उठून त्यांनी आमची तार काढली आणि दोघांवर जुन्या चादरी टाकल्या. "एवढ्या मोठ्याने लावायचो मी," ते म्हणाले. "तिच्या उशाशी."

चादरीखालच्या त्या अंधारात मी काय काय विचार केले, ते सांगवत नाही. माझ्या आवाजाने तर झालं नाही ना? मी ओझ्यासारखा उभा होतो. घरात पावलं वाजायची, दार वाजायचं, "मोजे कुठे आहेत?" असं कुणी कुणाला विचारायचं आणि मध्येच आईचं नाक ओढणं ऐकू यायचं. ठमीचे कान तपासायच्या दिवशी सगळे बाहेर गेले. घर रिकामं झालं. मला वाटलं, हे कधी परतूच नयेत, म्हणजे काही कळायला नको. आणि वाटलं, आत्ता यावेत.

ते आले. चपला काढता काढता आई फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती, म्हणून मला कळलं. "नाही गं, मोठ्या आवाजाने नाही. जन्मापासूनच आहे. कानाच्या आतच... हो, डॉक्टरबाईंनी यालाही तेच सांगितलं. दोनदा सांगितलं. ... कानाला यंत्र लावून बघायचं म्हणाल्या. किती ऐकू येईल, येईल की नाही, ते आज नाही सांगता येणार म्हणे." मग ती बराच वेळ नुसतंच "हो," "हो," म्हणत राहिली.

दोनदा सांगूनही बाबांनी चादरी काढल्या नाहीत. पुढच्या सुट्टीला गोगल्याकाका आले. एरवी दारातूनच गर्जना करणारे काका हळूच बसले. "मग, या स्पीकरांना गिऱ्हाईक बघू का?" त्यांनी विचारलं. "माझ्या ओळखीत एक जण आहे. चांगला माणूस आहे, नीट ठेवेल."

"घेऊन जा," बाबा म्हणाले. "मला आता डोळे मिटून बसवत नाही."

काकांनी चादर थोडी उचलली, माझ्या अंगावरची धूळ बोटाने पुसली आणि पुन्हा सोडली. तेवढ्यात चादरीच्या खालून काहीतरी शिरलं. ठमी! अंधारात तिने चाचपडत माझी पाठ शोधली, भोक शोधलं. मोजे कधीच काढले होते. तिने तळवा ठेवला आणि वाट बघितली. मी मुका. तिने चापट मारली. पुन्हा मारली. मग ती रडू लागली. एखाद्याने हातातलं खेळणं काढून घेतल्यावर मूल रडतं, तशी, रागाने.

आईने येऊन चादर ओढून काढली. "हे कुठेही जाणार नाहीत," ती म्हणाली.

"अगं पण..." काका म्हणाले.

"तुमचं गाणं तुम्ही दोघांनी बघा, भाऊजी. यातलं तिचं जे आहे, ते तिचं आहे. ते विकायचं नाही." आणि तिने स्वतःच तार जोडली. उलटी जोडली. बाबा नकळत पुढे झाले, "थांब, लाल तिकडे," म्हणाले आणि नीट करून दिली. मग तिथेच, माझ्या पाठीशी, फरशीवर मांडी घालून बसले. खुर्चीत नाही.

मित्रांनो, माझं आयुष्य एवढंच. आता मी तुमच्याकडे थोडं मागतो. आमच्या जाळीला बोट लावू नका. आत रेशीम असतं. ओले कपडे आमच्यावर टाकू नका. आवाज बेताचा ठेवा. तुमचे कान तुम्हाला जन्मभर पुरवायचे आहेत. आणि घरातलं एखादं तान्हं कशानेच दचकत नसेल, तर त्याला गुणी म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या मागे उभे राहा, सावली पडणार नाही असं, आणि एकदा हाक मारा. वळलं नाही, तर उद्यावर टाकू नका. आम्ही बघतो, पण आम्हाला सांगता येत नाही.

यंत्र अजून यायचं आहे. मापं घेऊन झाली आहेत. रोज फोन वाजला की आई हातातलं काम टाकून धावते, आणि दुसराच कुणी असला की दोन शब्द बोलून ठेवून देते. यंत्र आल्यावर काय होईल, ते घरात कुणी बोलत नाही. आज दुपारीही फोन दुसऱ्याच कुणाचा निघाला. फोन ठेवून आई माझ्याजवळ येऊन बसली. ढोल चालू होता. ठमी भोकाला गाल लावून बसली होती आणि तिच्या कपाळावरचे केस फुंकरीने उडत होते. ताई शाळेचं दप्तर न काढताच दोघींकडे बघत उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "आपण मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हा आपला आवाज येतो ना आत?"

"हो, येतो."

"मग ठमी मनातल्या मनात कशी बोलते?"