पाचोडची लाईन

मनस्विनीने लॅपटॉप गुडघ्यांवर टेकवला, भिंतीवरच्या राउटरला वायर जोडली आणि त्यातल्या नोंदी तपासू लागली. पाचोडच्या दवाखान्यातला पंखा नुसताच फिरत होता, वारा म्हणून अंगाला लागत नव्हता. सलग तिसरा कोरडा उन्हाळा चालला होता.

दाराशी नर्स सुकेशनी उभी होती. मंगळवारी दुपारी सोनाजी नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या छातीत कळ आली, तेव्हा तिने त्याचा ईसीजी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवला होता. तो पोचलाच नाही. सल्ल्याची वाट पाहून पाहून शेवटी त्याला जीपमध्ये घातलं, आणि वाटेतलं आडूळ यायच्या आतच तो गेला.

“पाचोडची नेटची लाईन का पडली ते शोध,” हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागाचे प्रमुख सदाशिव साहेब यांनी तिला सकाळी बजावलं होतं. “तिथल्या माणसाची चूक असेल, तर अहवालात नाव घालून लिही.”

नोंदी स्पष्ट होत्या. त्या दुपारी राउटर पुन्हा पुन्हा बंद-चालू झाला होता.

“ताई, मंगळवारी दुपारी इथं काय चाललं होतं?”

“टँकर आलता. हौद बारका हाय, मॅडम. मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवावं, तवा टँकरचं बाकीचं उतरतं. चालू सॉकेट हे एकच. मग तुमच्या डब्याची पिन काढते.”

“एकदाच?”

“नाय नाय. हौद भरतोय तोवर परत लावते की. लाईन लई येळ बंद ऱ्हाऊ नये म्हणून.” तिने जरा मान वर केली. “ईसीजी धाडला तवा हिरवा दिवा लागलेला होता. बघूनच धाडला मी.”

मनस्विनीला आपणच घातलेला एक नियम आठवला.

शहर चहूकडे पसरलं तसं हॉस्पिटलही वाढलं. चिकलठाण्याकडच्या नव्या वसाहतींत शाखा निघाल्या, पाचोडसारखे गावांतले दवाखानेही शाखा म्हणून जोडले गेले. एका शाखेची लाईन धरसोड करू लागली की सगळे राउटर दर खेपेला माहिती पाठवायचे रस्ते नव्याने ठरवत बसत आणि साऱ्यांचंच काम अडे. म्हणून मनस्विनीने तो नियम घातला होता. ज्या शाखेची लाईन सारखी जाते-येते, तिच्याकडचा रस्ता मुख्य राउटरने तासभर धरायचाच नाही, लाईन परत आली तरी. साहेबांनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती.

सुकेशनीने पिन एकदा काढून, काम उरकून लावली असती, तर तो नियम लागलाच नसता. ती थोडी बेफिकीर असती, तर ईसीजी पोचला असता.

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. सुकेशनी सवयीने सॉकेटकडे गेली. तिचा हात पिनेपाशी जाऊन थांबला.

“माझ्यामुळं झालं का, मॅडम?”

मनस्विनीने लॅपटॉप पुढे ओढला. तिने शहरातला मुख्य राउटर उघडला, आपण लिहिलेला नियम एकदा वाचला आणि पुसून टाकला.

“नाही, ताई. तुमची लाईन चालू होती. रस्ता मी बंद केला होता, तिकडून.”

सुकेशनीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती भिंतीला टेकली आणि तोंडावर ओढणी धरून मुकाट रडू लागली. ड्रायव्हर हाका मारत होता. त्याला अजून दोन वस्त्या गाठायच्या होत्या.

मनस्विनी उठली. राउटरची पिन तिने स्वतः उपसली आणि तिथे मोटरची पिन खोचली. हिरवा दिवा विझला, मोटर घरघरली. हौद रिकामा झाला तशी तिने राउटरची पिन पुन्हा लावली. हौद भरल्यावर पुन्हा मोटरची.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“इथे पडद्यावर पाचोडची लाईन पुन्हा जाते-येतेय!” सदाशिव साहेब ओरडले. “तुझ्या डोळ्यांदेखत कोण पिन काढतंय तिथे? नाव सांग, आत्ताच लिहून घेतो.”

वरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज पुन्हा येऊ लागला होता.

“माझं लिहा, साहेब,” मनस्विनी म्हणाली. “मंगळवारचंही माझंच.”