चिमणी थांबते ती जागा

माझी लेक सिनेमाच्या पहिल्या खेळाला पडद्याकडे पाठ करून बसते. ती संकलक आहे. कॅमेरेवाल्यांनी तासन्‌तास टिपलेलं कापून, जोडून त्याचा सिनेमा करते. पडद्यावर काय आहे ते तिला पाठ असतं, लोकांच्या तोंडावर काय येणार ते माहीत नसतं. म्हणून ती पडद्याखालच्या पायरीवर, कडेच्या अंधारात बसते आणि प्रेक्षकांकडे बघत राहते. कोण मान खाजवतं, कोण शेजारच्याच्या कानाला लागतं, कोण मोबाइल काढतं. जिथे असं होतं तिथे आपलं काहीतरी चुकलंय, असं ती समजते.

"आणि कोणी रडलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"रडणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बाबा. लोक लग्नातही रडतात. खुर्चीत हलतात का, ते बघायचं."

मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. गाण्यांतलं मला फारसं कळत नाही, सिनेमातलं त्याहून कमी. तेव्हा या हकिकतीत काही कमीजास्त झालं असेल तर तो माझ्या समजुतीचा दोष मानावा. पण मी तिथे होतो, आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हे माझ्या बाबतीत क्वचितच होतं.

सिनेमा चिमणीवर होता. चिमणी म्हणजे ती गाणारी. अंगकाठी एवढीशी, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. आवाज मात्र मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत घुमायचा. आमच्या घरात तिची गाणी चालत ती माझ्या बायकोमुळे. स्वयंपाकघरात भांडी घासताना ही तिच्याबरोबर गायची, आणि वरचा सूर आला की नळ मोठा सोडायची. गेल्या वर्षी चिमणी आजारपणात गेली. जायच्या थोडे दिवस आधी तिने एक मोठा कार्यक्रम केला होता, तो सगळा चित्रित झालेला होता. त्याचा माहितीपट करायचं काम माझ्या लेकीकडे आलं.

त्या कार्यक्रमात एक जागा होती. सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं ऐन रंगात असताना चिमणीचा श्वास संपला आणि ती गाता गाता थांबली. वादकही थांबले. एक हात कमरेवर ठेवून ती नुसती उभी राहिली, बराच वेळ. मग पाणी प्यायली, लोकांना काहीतरी म्हणाली आणि तेच गाणं खालच्या आवाजात पुरं केलं.

लेकीला ही जागा आहे तशी ठेवायची होती. चिमणीच्या थोरल्या भावाला ती नको होती.

त्याला सगळे दादा म्हणत. चिमणी लहानशा हॉलमध्ये गायची तेव्हापासून गाडी चालवणं, माइक लावणं, तिच्यासाठी कोमट पाणी घेऊन पडद्याआड उभं राहणं, सगळं त्याने केलेलं. सिनेमात काय राहणार आणि काय जाणार, यावर शेवटचा शब्द त्याचाच होता. लेक आमच्या घराच्या मागच्या खोलीत काम करते, तिथे तो आला. मी बाहेर पुस्तक घेऊन बसलो होतो. पान काही उलटलं नाही.

"तिचा स्टुडिओतला आवाज आहे ना तुझ्याकडे? तो तिथे घाल," दादा म्हणाला. "गाणं सलग होऊ दे."

"दादा, तिचे ओठ मिटलेले आहेत. आवाज चालू ठेवला तर कसं दिसेल?"

"मग ओठ दाखवू नकोस. लोक दाखव, दिवे दाखव. तुम्हाला सगळं येतं."

"येतं. म्हणूनच करायचं नाहीये."

दादा म्हणाला, "तू बारकीला थांबलेली एकदा बघितलीस, ती पण मशीनवर. मी शेवटी शेवटी रोज बघत होतो. जिना चढताना थांबायची, बोलताना थांबायची. माझी बहीण दमून उभी आहे, हे जगाने तिकीट काढून का बघावं?"

शेवटी दादानेच तोड काढली. प्रदर्शनाआधी एक खेळ फक्त चिमणीच्या जुन्या चाहत्यांसाठी करायचा. त्या जागेला लोक चुळबुळले तर तो म्हणेल तसं, नाही चुळबुळले तर ती म्हणेल तसं.

तो गेल्यावर लेकीने मला आत बोलावलं, माझ्या कानांना हेडफोन लावला आणि ती जागा दाखवली. चिमणी थांबली. मी कान देऊन बसलो.

"काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"हो ना?" ती खूश होऊन म्हणाली. "एक कण राहू दिला नाही मी. सगळं पुसलं." मग एकदम माझ्याकडे बघून, "बाबा, मी हट्ट करतेय का?"

"बघू या," मी म्हणालो. मी बहुतेक सगळ्यालाच असं म्हणतो.

खेळ सकाळचा होता. थिएटर गच्च भरलेलं. चिमणीचे लोक गालावर पेनने छोटा पक्षी काढून येतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आमच्या हिने मनगटावर काढलेला होता, सकाळीच, गुपचूप.

"तुमच्या पण काढू का?"

"नको."

"अहो, पाण्याने जातो."

"तरी नको."

"लोक तुम्हाला तिकीट तपासनीस समजतील," ती म्हणाली आणि पेन पर्समध्ये ठेवलं.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्याच गाण्याला अख्खं थिएटर उभं राहिलं. हीसुद्धा. मागून एक माणूस म्हणाला, "मावशी, बसा ना, दिसत नाही." ही न वळता म्हणाली, "दिसायला कशाला हवं? पाठ आहे ना?" तो हसला आणि तोही उभा राहिला. मी एकटा बसून होतो. मला समोरच्यांच्या पाठी दिसत होत्या. मग अवघडल्यासारखं झालं म्हणून उभा राहिलो. टाळी कुठे द्यायची ते कळेना, तेव्हा हिच्याकडे बघून देत होतो. माझी टाळी नेहमी थोडी उशिरा पडायची.

आमच्या रांगेच्या टोकाला दादा होता. तो बसलेलाच होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या दवाखान्यात बसावं तसा.

मग ते गाणं आलं. लोक इतक्या जोरात गात होते की पडद्यावरची चिमणी जवळजवळ ऐकूच येत नव्हती. आणि ती थांबली. थिएटर दचकून गप्प झालं. पडद्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी, खांदे वरखाली होताहेत, आणि आवाज कसलाच नाही.

"आवाज," मागून कोणीतरी म्हणालं.

"अरे आवाज गेला. आवाज."

एका शिट्टीमागून दहा शिट्ट्या आल्या. लोक मागे वळून वरच्या ऑपरेटरच्या खिडकीकडे हात करू लागले, खुर्च्यांचे हात बडवू लागले. चित्र जागच्या जागी गोठलं, आणि दिवे लागले. ऑपरेटरने खेळ बंद केला होता.

माझी लेक पायरीवर बसलेली सगळ्यांना दिसली. ती उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसावं. तिचा आवाज माझ्यावर गेलाय, मोक्याच्या वेळी घशातच राहतो.

दादा उठला. "झालं?" तो तिला म्हणाला. त्यात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. "मी चुळबूळ म्हटलं होतं. इथे तर खेळच बंद पडला."

"अहो, कोणीतरी वर जाऊन सांगा ना त्या माणसाला," ही म्हणाली. कोणीतरी म्हणजे मीच, हे इतक्या वर्षांनी मला कळतं. शिवाय एवढ्या लोकांसमोर एक वाक्य बोलण्यापेक्षा जिना चढणं मला सोपं. मी रांगेतून लोकांचे पाय चुकवत दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला.

"दादा, बिघडलं नाहीये काही."

मधल्या रांगेतली एक बाई उभी होती. बसकंडक्टरचा गणवेश, गालावर पक्षी. कामावरून आली असावी किंवा कामावर जायची असावी. "ती थांबलीच होती तिथे. मी होते ना. पुढून तिसऱ्या रांगेत."

"मग आवाज का गेला?" कोणीतरी विचारलं.

"गायचीच थांबली तर आवाज कुठून येणार?" ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण ताई, खरं सांगू का? एवढी शांतता नव्हती. हे विहिरीत बसल्यासारखं वाटतंय. तेव्हा आम्ही सगळे श्वास घेत होतो की. आणि ते पोर रडत होतं."

"पोर," दादा म्हणाला. स्वतःशीच म्हणाल्यासारखं.

"कोणाचं तरी तान्हं. सगळं गप्प आणि ते एकटं टाहो फोडतंय. मग चिमणीने बघितलं ना त्याच्याकडे."

"बघितलं," दादा म्हणाला. तो आता त्या बाईकडे नाही, पडद्यावरच्या गोठलेल्या बहिणीकडे बघत होता. "म्हणून हसली ती. मी कडेलाच होतो, ग्लास घेऊन. मला म्हणाली, दादा, माझ्यापेक्षा वरचा सूर लावलाय बघ त्याने." तो लेकीकडे वळला. "विसरलोच होतो मी हे."

सगळे माझ्या लेकीकडे बघू लागले.

"ते मी काढलं," ती म्हणाली. या वेळी ऐकू आलं. "रडणं होतं त्यात. खोकलेही होते. मला वाटलं, ते मधे मधे येतंय. शांतता शुद्ध हवी म्हणून मी सगळंच पुसलं." मग दादाला, "चूक माझी आहे. पण ते आवाज आहेत माझ्याकडे. लोकांच्या बाजूला लावलेल्या माइकवर सगळं आहे."

दादाच्या आधी कंडक्टरबाईच बोलली. "ते नंतर घाला. आत्ता गाणं पहिल्यापासून लावा. आम्हाला कळलं ना आता, कुठे गप्प बसायचं ते."

लेकीने मला दारात उभं पाहिलं. "बाबा, वर सांगता? गाण्याच्या सुरुवातीपासून."

मी लोखंडी जिना चढलो. ऑपरेटर माझ्याच वयाच्या आसपासचा, कपाळावर चष्मा चढवलेला गृहस्थ होता. "मी काय करणार?" मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. "लोक ओरडले की बंद करायचं, हा आमचा नियमच आहे. पुन्हा ओरडले तर?"

"नाही ओरडणार."

"खात्री आहे?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गाणं मागे नेलं.

मी त्याच्या छोट्या काचेतून खाली पाहत राहिलो. मला लोकांची डोकी मागून दिसत होती, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, पडद्याच्या उजेडाच्या काठावर, माझ्या लेकीचा इवलासा चेहरा. गाणं चढत गेलं, लोक गात होते. मग चिमणी थांबली.

एकही डोकं हललं नाही. मी ग्रंथालयात आयुष्य काढलंय. गप्प बसलेल्या लोकांची मला सवय आहे. पण तिथे प्रत्येक जण आपापल्यापुरता गप्प असतो. हे सगळे मिळून गप्प होते, तिला दम खाऊ देण्यासाठी. पडद्यावर चिमणी खाली कुठेतरी बघून हसली. आता ती कशाला हसली ते खाली सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्याबरोबर तेही हलकेच हसले. दादाच्या हातून ग्लास घेऊन ती पाणी प्यायली आणि माइकमध्ये म्हणाली, "थांबा जरा. घाई आहे का कुणाला?"

"नाही," खालून थिएटर म्हणालं. तेवढंच. मग तिने गाणं खालच्या आवाजात पुरं केलं आणि तिच्या लोकांनीही आपला आवाज तिच्या खाली ठेवला.

शेजारी ऑपरेटरने कपाळावरचा चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुमची मुलगी का ती?"

"हो," मी म्हणालो. एरवी मी पुढे काहीतरी जोडलं असतं, की तिला अजून शिकायचंय वगैरे. त्या वेळी नाही जोडलं.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या दालनात दादा लेकीसमोर उभा राहिला. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते, त्यामुळे त्याचं वाक्य सारखं तुटत होतं. "मला वाटलं होतं, लोक तिला दमलेली बघतील," तो म्हणाला. कोणीतरी हात दाबून गेलं. "ती दमली होती, पण उठून गेली नाही ना. स्टेज सोडलं नाही तिने. हे मीच बघितलं नव्हतं." अजून एक हात. "राहू दे ती जागा. पण ते पोर घाल. आणि मोठ्याने रडू दे."

"खोकले?" लेकीने विचारलं.

"खोकले पण. त्यातला एक माझा असेल."

लेक तिथूनच घरी, मागच्या खोलीत गेली. जेवायलाही बाहेर आली नाही; हिने ताट आत नेऊन दिलं. दाराच्या फटीतून त्या तान्ह्याचं रडणं दिवसभर आमच्या घरात ऐकू येत होतं. शेजारीण विचारायला आली, पाहुणे आलेत का म्हणून.

सिनेमा लागला त्या आठवड्यात आम्ही दोघं साधं तिकीट काढून गेलो. या वेळी माझ्या मनगटावर पक्षी होता. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. दादा काही रांगा पुढे बसला होता. गाण्याच्या मध्यावर चिमणी थांबली, आणि या खेपेला त्या शांततेत जीव होता. हजारो माणसांचा श्वास, कुठे खोकला, कुठे खुर्चीची कुरकुर. मग ते पोर रडायला लागलं.

आमच्या मागच्या रांगेतली एक बाई वैतागून म्हणाली, "अहो, बाहेर न्या ना कोणीतरी त्याला."

अर्ध्या थिएटरने माना वळवल्या. लोक खुर्च्यांखाली, दाराकडे, एकमेकांच्या मांडीवर पोर शोधू लागले. पुढे दादाचे खांदे हसून हलत होते. आणि खोटं कशाला सांगू, त्याचं रडणं दिवसभर घरात ऐकलेलं असूनही मीसुद्धा मागे वळून पाहिलं.

वळलो तेव्हा मागच्या बाईची आणि माझी नजरानजर झाली. तिच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं, ती ओशाळून हसली आणि म्हणाली, "पडद्यावर आहे होय? किती खरं केलंय."

मी अनोळखी बाईशी कधी आपणहून बोलत नाही. पण खुर्चीच्या पाठीवरून तिच्याकडे वाकलो आणि म्हणालो, "माझ्या मुलीने केलंय."